चार सेकंदांची बातमी

डोंगरातल्या वाडेघर गावी जयवंती भोये नावाची एक तरुणी राहत होती. तिला बातमीदार व्हायचे होते. तालुक्याच्या गावातील एका छोट्या वाहिनीने व्हिडिओ बातमीदारी शिकवणारा तीन महिन्यांचा वर्ग काढला, तेव्हा पहिल्याच दिवशी ती पहिल्या बाकावर जाऊन बसली.

बाकावर फार वेळ बसावे लागले नाही. शिकवणाऱ्या ब्रिजिट परेरा यांनी वीस वर्षे खांद्यावर कॅमेरा वाहिला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गातल्या बाराही जणांना थेट बाजारात नेले. जयवंतीचे पहिले चित्रण इतके हलले की बघणाऱ्याला घेरी यावी. पुढच्या खेपेला तिने सुकी मासळी विकणाऱ्या बाईची झकास मुलाखत घेतली, पण माइक सुरू करायचाच राहिला. ब्रिजिटबाई रागावल्या नाहीत. "परत जा आणि परत विचार," एवढेच म्हणाल्या. ती गेली. मासळीवाली पोट धरून हसली आणि पहिल्यापेक्षा जास्त बोलली.

हळूहळू जयवंतीचा हात स्थिर झाला. संगणकावर चित्रण कापायला आणि जोडायला ती शिकली. तेव्हा बाईंनी सगळ्यांना सांगितले, "तुकडा काढण्याआधी स्वतःला विचारायचं, हा गेला तर बघणाऱ्याची फसगत होईल का? होणार असेल तर तो तुकडा राहतो."

वर्ग संपत आला. प्रत्येकाने एक खरी बातमी करायची आणि ती वाहिनीवर दाखवायची, अशी परीक्षा ठरली. ज्याची बातमी उत्तम त्याला वाहिनीत नोकरी, असे मालक अनंत शेट्ये यांनी जाहीर केले. जयवंतीच्या वाट्याला सरकारी दवाखान्यातल्या नव्या एक्स-रे मशीनचे उद्घाटन आले. फीत कापायला प्रमुख पाहुणे होते खुद्द शेट्ये.

फीत कापली गेली, पेढे वाटले गेले. सगळे मशीनच्या पुढे उभे राहून फोटो काढत होते. जयवंती मात्र मागच्या बाजूने चित्रण करायला गेली. तिथे मशीनची जाड वायर जमिनीवर गुंडाळून पडली होती. भिंतीवर ती जोडायला बोर्डच नव्हता. तिने कॅमेरा वायरीवरून भिंतीवर नेला आणि तिथेच धरला. चार सेकंद.

बाहेर व्हरांड्यात मनगट सुजलेली सोनीबाई वांगड बसली होती. ती तीन तास चालून आली होती. "मशीन सुरू झालं का गं बाई?" तिने विचारले. जयवंतीने खरे काय ते सांगितले. सोनीबाई उठली. हात छातीशी धरून परत डोंगराकडे निघाली.

संध्याकाळी शेट्ये यांनी बातमी पाहिली.

"छान केली आहेस. ते वायरीचे चार सेकंद तेवढे काढ."

"ते काढले तर लोकांना मशीन चालू आहे असं वाटेल, साहेब."

"आज ना उद्या होईलच चालू. चार सेकंदांसाठी नोकरी घालवतेस?"

जयवंतीने ब्रिजिटबाईंकडे पाहिले. खोली शेट्यांची, कॅमेरे शेट्यांचे. बाकीच्या अकरा जणांची परीक्षा अजून व्हायची होती. बाईंनी मान खाली घातली आणि त्या हळूच म्हणाल्या, "काढ बाळा. वर्ग बंद पडेल."

शेट्यांचे बोलणे जयवंतीला लागले नव्हते, बाईंचे लागले.

"बाई, कापायचं कसं आणि कधी नाही, दोन्ही तुम्हीच शिकवलंत," ती म्हणाली. "आता तुम्ही सांगितलंत तरी मी काढणार नाही. तुम्हाला काढायचे असतील तर माझा आवाज काढा आणि माझं नावही काढा."

तिने कॅमेरा टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली. शेट्यांनी ते चार सेकंद काढून टाकले. दुसऱ्याच्या आवाजात बातमी लागली.

तिसऱ्या दिवशी दवाखान्याचा व्हरांडा माणसांनी भरला. बातमी पाहून पाड्यापाड्यांवरून लोक आले होते. कुणाचा पाय मोडलेला, कुणाची छाती दुखणारी. एका म्हाताऱ्याला तर चौघांनी झोळीत घालून आणले होते. मशीन बंद पाहून ते सगळे तसेच बसून राहिले.

जयवंतीला हे कळताच ती आपला साधा मोबाइल घेऊन तिथे पोचली. एकेकाला विचारून ती चित्रण करू लागली. दवाखान्यातला एक कर्मचारी आडवा आला. "तू कुठल्या वाहिनीची? कार्ड दाखव."

"कार्ड नाही. मी वाडेघरची आहे आणि हे लोक माझ्याशी बोलायला तयार आहेत," ती म्हणाली. मोबाइल खाली गेला नाही. झोळीजवळ उभे असलेले चौघे तिच्या आणि त्याच्या मधे येऊन उभे राहिले. कर्मचारी आत निघून गेला.

तेवढ्यात गर्दीतून ब्रिजिटबाई पुढे आल्या. त्यांनीही ती बातमी पाहिली होती आणि त्यांना घरी बसवेना. त्या मोबाइलसमोर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "वायर जोडलेली नाही, हे या मुलीने पहिल्याच दिवशी टिपलं होतं. ते काढ, असं मी तिला सांगितलं. चूक माझी आहे. हेही बातमीत ठेव."

जयवंतीने ते ठेवले. तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरला. आठवड्याच्या आत वायरमन आला, बोर्ड बसला आणि मशीन सुरू झाले. शेट्यांची वाहिनी पुन्हा कॅमेरा घेऊन आली, पण व्हरांड्यातल्या एकाही माणसाने तिच्या माइकसमोर तोंड उघडले नाही.

जयवंतीला नोकरी मिळाली नाही, प्रमाणपत्रही नाही. शेट्यांनी वर्ग बंद केला. पुढच्या महिन्यात ब्रिजिटबाईंनी वाडेघरच्या समाजमंदिरात, लोकांच्याच मोबाइलवर चित्रण शिकवणारा नवा वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी सतरा जण आले. त्यांना बाजारात घेऊन गेली ती जयवंती.

तात्पर्य: कसब दुसऱ्याकडून शिकता येते, पण ते खोट्याच्या कामी लावायला नकार आपला आपणच द्यावा लागतो, मग सांगणारा मालक असो की आपला गुरू.