मुक्या घुंगुरमाळांचा तांडा

घाटात सडका नव्हत्या, मालाची सगळी ने-आण बैलांच्या पाठीवरून व्हायची, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. सोमला नावाचा एक तांडेवाला होता. दर वर्षी ज्वारी घेऊन तो घाट उतरायचा आणि बंदरावरून तिच्या बदल्यात मीठ आणायचा.

त्या घाटात एक अवघड कडा होता. एकीकडे खडक, दुसरीकडे दरी आणि मधे जेमतेम एका लादलेल्या बैलापुरती वाट. म्हणून तिथे रिवाजच होता. वाटेच्या तोंडाशी थांबायचं, बैलांच्या घुंगुरमाळा खळखळून वाजवायच्या आणि कान द्यायचा. खालून उत्तर आलं, तर चढणाऱ्याला आधी येऊ द्यायचं.

त्या वर्षी सोमलाच्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं! बंदरावर पहिला जाईल त्याला पांढरंशुभ्र मीठ, मागून येणाऱ्याला तळाचा गाळ. घाटमाथ्यावर आणखी चार तांडे मुक्कामाला उतरले होते. त्यांना चाहूल लागू नये म्हणून पठ्ठ्याने सगळ्या घुंगुरमाळा चिंध्यांनी गच्च बांधल्या.

"अवो, कड्यापाशी तरी सोडा की," त्याची बायको धानी म्हणाली.

"आता थांबायचं नाही. हाण बैल!"

आणि कड्याच्या ऐन मध्यावर समोरून मिठाचे बैल आले! पुढे होती मिठागरावरची यसूबाई.

"अरे, आम्ही खालून किती वाजवलं! कान कुठे होते तुझे?" ती ओरडली.

बैलाला बैल भिडला. सोमलाचा पुढचा बैल बिचकला आणि त्याचा पाय घसरला. सोमलाने वेसण धरली, धानीने झटकन गोण्यांचा दोर कापला. बैल वाचला, पण त्याच्या दोन्ही गोण्या धडधडत दरीत गेल्या.

तरीही त्याची घाई जाईना. "बाई, तुझं मीठ टाक दरीत आणि वाट दे! मला बंदरावर जायचंय."

"कशाला?"

"मिठाला!"

यसूबाई खो खो हसली. "आणि मी वर चाललेय ती ज्वारीला!"

दोन्ही तांडे हसू लागले. सोमला मात्र ओशाळला.

"इथेच बदलू या का माल?" त्याने हळूच विचारलं.

"बदलू. पण चोरपावलांनी येणाऱ्याची ज्वारी चांगली कशावरून?"

ते त्याला फार लागलं. शेवटच्या पाच गोण्यांना कीड लागली होती, आणि त्या बंदरावरच्या गर्दीत खपवायचा त्याचा बेत होता. बोललं तर सौदा मोडणार, आणि मग या कड्यावरून सुटका कशी व्हायची? क्षणभर त्याने डोळे मिटले.

"मागच्या पाच गोण्या किडक्या आहेत. त्या धरू नकोस," तो म्हणाला.

यसूबाईने आपल्या गोण्यांवर थाप मारली. "मग ऐक. माझ्याही तीन गोण्यांत गाळ आहे. बाकीचं मीठ चाखून घे."

सौदा ठरला! मग काय उडाली धांदल! गोण्या हातोहात पुढे सरकल्या, मोकळे बैल जागच्या जागी वळले. ज्वारी यसूबाईच्या बैलांवर चढली, मीठ सोमलाच्या. दोन्ही तांडे आल्या वाटेने परत निघाले.

माथ्यावर पोहोचल्यावर सोमलाने पहिली गोणी उघडली. त्याने आजवर कधी आणलं नव्हतं इतकं पांढरं मीठ होतं ते.

तात्पर्य: वाट असो की व्यापार, लपवाछपवी केली की माणूस अडकून पडतो, खरं सांगितलं की सगळ्यांचंच पाऊल पुढे पडतं.