ओल्या साच्याची ओळ

डोंगरापलीकडच्या एका गावात फार पूर्वी देवळांच्या घंटा ओतणारी माणसं राहत. त्यांच्या कारखान्यात भिंतीवर कामाच्या ओळी रंगवलेल्या होत्या आणि त्या वाचायला एक पुकाऱ्या होता. तो स्वतः कशालाही हात लावत नसे. एक ओळ वाचायची, काम कुणाचं ते ओळखून त्याला हाक मारायची, ते झालं की पुढची ओळ.

एकच ओळ वेगळी होती: ‘साचा कोरडा असेल तर खालची ओळ वाच. ओला असेल तर वर जा आणि साचा भाजण्यापासून पुन्हा सुरू कर.’ ही ओळ आली की साचेवाली म्हातारी साच्यात हात घालून उत्तर द्यायची. वर्षानुवर्षं ती कोरडाच सांगत आली होती. मग पुकाऱ्याने युक्ती काढली. तिचं उत्तर येण्याआधीच तो ओतकाम करणाऱ्या आपल्या धाकट्या भावाला वितळलेल्या काशाची मूस उचलायला लावी. वेळ वाचे, गावभर त्याच्या झपाट्याचं कौतुक होई, आणि स्वारी त्यावर चांगलीच फुगली होती.

एकदा राजा स्वतः घंटा ओतताना पाहायला आला. आदल्या रात्री धुकं दाटलं होतं. मुहूर्त भरत आला, भाऊ मूस घेऊन साच्यापाशी उभा राहिला, आणि म्हातारीने सांगितलं की साचा ओला आहे.

म्हणजे मूस परत ठेवायची, वरच्या ओळीवर जायचं आणि राजासमोर मुहूर्त चुकवायचा.

“जरासाच ओला असेल ना?” पुकाऱ्याने विचारलं.

“भिंतीवर जरासा असं काही लिहिलेलं नाही, बाबा,” म्हातारी म्हणाली.

पुकाऱ्याने राजाकडे पाहिलं. मग तो भावाला म्हणाला, “ओत.”

भावाने त्याची हाक कधी मोडली नव्हती. ओलाव्याची वाफ झाली, साचा फुटला आणि तापलेलं कासं भावाच्या तोंडावर उडालं. जीव वाचला, डोळे गेले. राजा निघून गेला. पुकाऱ्या भावाच्या उशाशी बसून लहान मुलासारखा रडला.

पुढे म्हातारी थकली, तेव्हा साचा तपासायचं काम भावाने मागून घेतलं. ओल हाताला कळते, त्याला डोळे लागत नाहीत.

काही वर्षांनी राजा पुन्हा आला. मुहूर्त भरत आला होता आणि कारखान्यातल्या माणसांनी घाईघाईने मूस उचललीही होती. भावाने साच्यातून हात बाहेर काढला.

“दादा, ओला आहे.”

पुकाऱ्याने राजाकडे पाहिलंच नाही. त्याने मूस परत भट्टीवर ठेवायला सांगितली आणि शांतपणे वरची ओळ वाचायला घेतली.

तात्पर्य: अंदाजाने पाऊल उचललं तरी चालेल, पण उत्तर वेगळं आलं की ते मागे घेता आलं पाहिजे.