बारा होनांचा खांब

एका राज्यात नऊ हजार घरं होती आणि भर चव्हाट्यावर एक काळा खांब होता. कालजंघ नावाच्या जादूगाराने तो उभा केला होता. खांबावर कोरलं होतं, 'या नगरीत घरटी महिन्याचा बाजारखर्च सरासरी बारा होन.' त्या ओळीवर बोट ठेवून कालजंघ दर घराकडून बाराचा चौथा हिस्सा, म्हणजे तीन होन, उचली. राजा पृथुसेनाला ओळ खोटी वाटे, पण तो गप्प राही. कारण खांबाला शाप होता. कच्च्या पुराव्यावर जो ओळ नाकारील, तो जागीच दगड होईल. पक्क्या पुराव्याने नाकारील, त्याच्यापुढे खांब फुटेल. पुरावा जमवायला मुदत एका पंधरवड्याची, अमावास्या ते पौर्णिमा.

राज्याचा मापारी रायाजी याने आपल्या गल्लीतली बारा घरं विचारली. सरासरी आली सात. तो खांबापुढे गेला, ओळ खोटी म्हणाला आणि हात उगारलेला तसाच दगड झाला.

त्याची लेक सुरंगी रोज येऊन त्या दगडावरची धूळ पुशी. तिला एकच कोडं पडलं होतं. बाबा खोटं बोलले नव्हते. मग चुकलं कुठे? ते कोडं घेऊन ती अमावास्येला वेशीबाहेरच्या आमराईत गेली. तिथे तीनशे वर्षांची एक साळुंकी राहत असे, आणि ती माणसांशी बोले.

"तुझ्या बापाने गल्ली विचारली, नगर विचारलं नाही," साळुंकी म्हणाली. "तीन कामं करशील?"

"सांग, माई."

पहिलं काम निवडीचं. साळुंकीच्या थव्याने नगरातल्या प्रत्येक उंबऱ्यावरून एकेक कवडी आणली. कवडी कानाला लावली की आपलं घर सांगे. सुरंगीने त्या नऊ हजार कवड्या मोठ्या रांजणात ओतल्या, वल्ह्याने ढवळल्या आणि डोळ्यांवर पट्टी बांधून छत्तीस काढल्या.

दुसरं काम विचारण्याचं. ती छत्तीस दारं फिरली. कुणी तीन होन खर्ची, कुणी दहा. एक कवडी मात्र नगरशेठाची निघाली आणि त्याचा खर्च चव्वेचाळीस. तो धरला तर सरासरी नऊ, सोडला तर आठ. सुरंगीला ती कवडी रांजणात परत टाकावीशी वाटली. साळुंकीने नकाराची मान हलवली. हाताला आलेली कवडी परत टाकली, तर तो रांजण उरत नाही, आपल्या मनाची पेटी होते, असं ती म्हणाली. सुरंगीने नऊच धरले.

"म्हणजे बारा खोटे," ती म्हणाली.

"अजून नाही. छत्तीस घरं म्हणजे मूठभरच. बारा खरे असले तरी मूठ कधी अकरा देते, कधी तेरा."

"मग नऊ कितीदा देते?"

"ते पाहणं हे तिसरं काम."

आमराईमागे एक तळं होतं. मागावं तसं नगर त्यात दिसे. सुरंगीने मागितलं की माझ्या छत्तीस घरांसारख्याच नऊ हजार घरांचं नगर दाखव, पण प्रत्येक घर तीन होन जास्त खर्चू दे, म्हणजे सरासरी बारा भरेल. नगर उमटलं. तिने ओंजळ बुडवली की पाण्याबरोबर कुठली तरी छत्तीस इवली घरं येत, आणि छपरांवर त्यांचे खर्च लुकलुकत. साळुंकी सरासरी सांगे. सुरंगी काठावर त्या आकड्यापाशी एक खडा ठेवी, घरं पाण्यात सोडी आणि पुन्हा ओंजळ भरी.

अकरा दिवसांत हजार ओंजळी झाल्या. काठावर खड्यांची टेकडी उभी राहिली. बारापाशी उंच, दोन्ही अंगांना उतरती. सुरंगी पाहतच राहिली. घरं इतकी वेडीवाकडी, आणि त्यांच्या मुठी इतक्या शहाण्या! नऊपाशी मात्र एकच खडा होता.

"हा एक खडा मला दगड करू शकतो," ती म्हणाली.

"करू शकतो. शंका कधी शून्यावर येत नाही. किती उरली ते कळतं, एवढंच."

पौर्णिमेच्या सकाळी ती खांबापुढे उभी राहिली. राजा आला, सारं नगर लोटलं. छत्तीस घरांची सरासरी नऊ आली, असं तिने सांगितलं. कालजंघाने विचारलं की नऊ हजारांत छत्तीसच घरं, मग बाकीची काय मुकी आहेत? सुरंगीने रांजण सांगितला, तळं सांगितलं, तो एकटा खडाही लपवला नाही.

"बारा खरे असते, तर अशा हजार मुठींत एखादीच नऊवर उतरती. माझी मूठ तीच असेल, असं मी मानत नाही. ही ओळ खोटी आहे."

तिची पावलं गार पडली. गारवा गुडघ्यांपर्यंत चढला, आणि तिथेच थांबला. मग खांब माथ्यापासून पायथ्यापर्यंत तडकला. कालजंघाचं वाळकं पान झालं आणि वाऱ्याबरोबर गेलं. लोकांचे होन लोकांना मिळाले.

राजाने विचारलं की आता नवी ओळ कोणती कोरावी, नऊ?

"कोरू नये, महाराज. नऊच्या आसपास आहे, इतकंच मला ठाऊक. दरसाल नवी मूठ काढावी आणि खडूने लिहावं."

राजाने तसा हुकूम दिला.

तोवर रायाजीचा उगारलेला हात खाली आला होता. लेकीने त्याला खांबाच्या चौथऱ्याच्या पायरीवर बसवून पाणी पाजलं. किती घरं विचारलीस, असं त्याने पुसलं. छत्तीस, रांजणात कवड्या ढवळून काढलेली, ती म्हणाली.

"कवड्या ढवळल्यास कशा?" त्याने विचारलं.

सुरंगी त्याच्या शेजारी बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली.