परीची काठी आणि रंगांचा विसार

रानाच्या कडेला, बांबूच्या बेटामागे एक इवलंसं कौलारू घर होतं. तिथे आठ वर्षांची केशर आणि तिचे आबा राहायचे. आबा कातारी होते. चाकावर लाकूड फिरवून ते लाटणी, भोवरे, पाळण्याच्या खुंट्या करायचे. पण दोन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली आणि ताटात नुसती पेज उरली. आता चिमुकली केशर काम करायची आणि आबा चाचपून तिला शिकवायचे. "ओलं लाकूड गालाला गार लागतं हं, सोनुले," ते सांगायचे.

एका सोनेरी सकाळी केशर अंगणातल्या चाफ्याला पाणी घालत होती. तेवढ्यात झाडामागून निळ्याजांभळ्या पंखांची एक परी आली, अगदी केशरएवढी. तिच्या हातात शिसवीची ताजी फांदी होती.

"आम्ही पऱ्या हिरव्या मखमली मेजावर काठीने रंगीत चेंडू टोलवत खेळतो," परी म्हणाली. "माणसं त्याला बिलियर्ड्स म्हणतात. मला माझ्या मापाची काठी हवी. सरळसोट, टोकाला नाजूक आणि याच फांदीची! करशील?"

"करीन की!"

"मग मोबदल्यात एक इच्छा. अर्धी आज, विसार म्हणून. अर्धी काठी मिळाल्यावर. चाफ्याला पहिलं फूल येईल त्या सकाळी मी येणार. काठी मिळाली नाही, तर विसार परत."

"माझ्या आबांना दिसू दे," केशर झटकन म्हणाली.

परीने पंख झटकले आणि आबांना रंग दिसू लागले. नुसते रंगच, आकार नाहीत. "अगं, केवढं हे हिरवं! आणि हे पिवळंधमक काय गं?"

"माझा परकर, आबा!"

आबा हसले आणि रडलेही. त्या आनंदात फांदी वाळायला किती दिवस लागतील, हे कुणाला सुचलंच नाही. विसार हाती पडला की भल्याभल्या कारागिरांच्या तोंडून 'नाही' निघत नाही, ही तर एवढीशी पोर!

केशरने काठी कातली, तिच्यावर लाल, निळ्या, पिवळ्या लाखेचे गोल पट्टे चढवले. चाफा फुलला त्या सकाळी काठी कशी झळझळत होती! केशरने ती सहज गालाला लावली.

गार लागली.

अंगणात आबा खंड्या पक्ष्याचा निळा रंग बघून टाळ्या वाजवत होते. केशरने काठी गालावरून खाली घेतली. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? परी आली, तिने हात पुढे केला.

"परीताई, घेऊ नकोस," केशर म्हणाली. "आतून ओली आहे. आज सरळ दिसते, महिन्याभरात वाकेल. मीच विचार न करता 'हो' म्हटलं."

"मग विसार परत घ्यावा लागेल, बाळ. नियम मलाही मोडता येत नाही."

आबांनी केशरचा हात घट्ट धरला. "देऊन टाक, पोरी. वाकणारी काठी देऊन मला रंग नकोत."

रंग गेले. केशर आबांच्या कुशीत शिरून ढसाढसा रडली. सांगताना माझंही मन भरून येतं.

परीचेही डोळे पाणावले. "मी सात गावं पालथी घातली गं. सगळे 'उद्या नक्की' म्हणाले. 'घेऊ नकोस' म्हणणारी तू एकटीच. आता तारीख तूच सांग."

केशरने नाक पुसलं. "चार महिने. आणि विसार नको. काठी आवडली तरच इच्छा पुरी कर."

लाख खरवडून तिने काठी सावलीत वाळत ठेवली. रोज ती फिरवायची, रोज गालाला लावायची. वाळल्यावर पुन्हा कातली, पुन्हा रंगवली. ठरल्या सकाळी परीने ती गुळगुळीत दगडावर घरंगळवली. काठी जराही डुगडुगली नाही.

"अश्शी हवी होती मला!" म्हणत परीने गिरकी घेतली. गुलाबी, सोनेरी प्रकाशाचा लोट उठला आणि परी त्यात विरघळून गेली.

प्रकाश ओसरला. आबा डोळे किलकिले करून समोर बघत होते, कितीतरी वेळ.

"अगं केशर," ते म्हणाले, "हे एवढाले दात कधी आले गं तुला?"