बचनागाची मुळी

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या पाठशाळेत एक बाई तान्हे मूल घेऊन आली. मुलाला जुलाब होत होते. शिष्य ज्यांना आबा म्हणत, त्या वैद्यांनी फडताळातून चाचपून एक मुळी काढली आणि म्हणाले, "हे अतिविष. नावातच काय ते विष, बाळगुटीत हेच उगाळतात. नीट पाहा आणि पुढे द्या."

मुळी हातोहात फिरली. प्रत्येक जण 'होय, आबा' म्हणाला. शेवटी बसलेल्या शिष्येने मुळीचे टोक मोडून पाहिले. अतिविष आतून पांढरे असते, हे काळपट निघाले. हा बचनाग होता, तान्ह्या जिवाला सहज संपवणारा.

"आबा, हे अतिविष नाही."

शेजारचा कुजबुजला, "आम्हालाही वरून जरा काळं वाटलं. पण आबा चुकतील का? गप्प बस."

आबांचा चेहरा लाल झाला. "तुझ्या जन्माआधीपासून उगाळतोय मी हे. दे इकडे आणि बाहेर हो."

"बाहेर जाते, आबा. पण मुळी देणार नाही." तिने मुळी मुठीत घट्ट धरली. दोघांनी तिचा हात धरला, तरी तिने मूठ उघडली नाही.

ती धडपड ऐकून आबांनी हात वर केला. मग म्हणाले, "सोडा तिला. मुली, त्या बाईंना दाखव. बाई, आतला रंग कोणता?"

त्या बिचारीला बरोबर उत्तर ठाऊक नव्हते, म्हणून तिने दिसले ते सांगितले. "काळपट आहे, आबा."

आबा उठले. शिष्येला आपल्या आसनावर बसवून त्यांनी सहाण तिच्यापुढे सरकवली, आणि स्वतः शिष्यांच्या मागे जाऊन बसले.

थोरला शिष्य कळवळून म्हणाला, "एका चुकीसाठी स्वतःला एवढी शिक्षा, आबा?"

"माझे डोळे गेले, त्यात माझा दोष नाही," आबा म्हणाले. "पण तुमचे डोळे तरणे आहेत. मुळी तुम्हा सगळ्यांच्या हातांतून गेली आणि एकीशिवाय कुणाला बोलायचे धाडस झाले नाही. म्हणजे मी तुम्हाला वैद्यकी शिकवलीच नाही, नुसते माझे भय शिकवले. तुम्ही त्याला आदर म्हणता. त्या आदराने आज हे लेकरू गेले असते."

शिष्या रडत रडत खरे अतिविष उगाळत होती. "मला तुमचं आसन नको होतं, आबा. मी चुकले असते तर फार बरं झालं असतं."

"ठाऊक आहे मला," आबा म्हणाले.

मूल वाचले. आबा पुन्हा आसनावर बसले नाहीत, आणि त्याबद्दल सोबत्यांनी तिला कधीच क्षमा केली नाही. ती मात्र रोज एकेक मुळी घेऊन आबांपाशी जाई. आबा हाताने चाचपून नाव सांगत, आणि ती त्यांच्यासमोरच मुळी मोडून पाही.