येसूची अकरा गाठोडी

या, जवळ सरका. पाय पांघरुणात घ्या आणि ऐका.

एक होता डोंगर. राजा नाही, बरं का, डोंगरच. पण राजापेक्षा हट्टी. वर्षातून एकच दिवस उघडायचा, चैत्री पुनवेला. सकाळी ऊन पडलं की उघडायचा, सूर्य टेकला की मिटायचा. आत उघड्या आभाळाखालची घळ, आणि तिच्यात एकापुढे एक अशी तीन दारं होती. तिन्ही ओलांडली की पलीकडे देवीचं देऊळ.

डोंगराच्या अलीकडे येसू राहायची. तिचा नवरा रायाजी. मुलगी मंजी, पाच वर्षांची. आणि भिवा, नुकता बसायला लागलेला. भिवाचं जावळ काढायचं होतं. जावळ म्हणजे बाळाचे पोटातून आलेले केस. त्यांच्या घरात ते देवीपुढेच काढायचे.

येसू कामाला चटपटीत, पण जिवाला सारखा घोर. कुठं जायचं म्हटलं की तिच्या मनात एकच, लागलं तर? थंडी पडली तर, म्हणून चार गोधड्या. तिथं वरवंटा मिळाला नाही तर, म्हणून घरचा वरवंटा. पापड घेतले, कुरडया घेतल्या, विरजणाचं गाडगं घेतलं, जुनेरं घेतली. बांधता बांधता गाठोडी झाली अकरा.

रायाजी म्हणाला, "भिंती तेवढ्या राहिल्या बघ."

"हसा तुम्ही," येसू म्हणाली. "उद्या वाटेत मागाल, तेव्हा बघते."

मग तिनं पदराला गाठी मारल्या. तुमची आजी मारते ना, काही विसरू नये म्हणून? तशा. एका गाठोड्याला एक गाठ. अकरा गाठोडी, अकरा गाठी. आता काही राहायचं नाही, असं म्हणून ती जरा निवांत झाली.

पुनवेच्या सकाळी सगळे बैलगाडीतून डोंगराच्या पायथ्याला आले. गाडी तिथून माघारी गेली. पहिलं दार सताड उघडं होतं. उंबऱ्यावर एक म्हातारी बसली होती. तिचे केस गवतासारखे, आणि हात दगडासारखे.

म्हातारी म्हणाली, "माणसाला अडकाव नाही. पण दारातून नेशील त्या प्रत्येक गाठोड्यामागं दार वीतभर मिटेल. आणि आत जे राहील, ते डोंगराचं होईल."

येसूनं गाठोड्यांकडे बघितलं, मग दाराकडे. दार होतं खळ्याएवढं रुंद. रायाजीनं एका खेपेत दोन नेली, मग दोन, मग दोन. येसूनं भिवाला कडेवर घेतलं आणि मोकळ्या हातानं एकेक ओढलं. दार कुरकुरत मिटत गेलं, तरी पुष्कळ उरलं. येसूनं पदराच्या गाठी चाचपल्या. अकरा. गाठोडी मोजली. अकरा.

"सगळं आलं का?" म्हातारीनं विचारलं.

"आलं, आजी."

मग लागलं दुसरं दार. ते पहिल्याच्या निम्मं. आणि उंबऱ्यावर तीच म्हातारी, यांच्या आधी येऊन बसलेली. ऊन डोक्यावर आलं होतं. येसूची कंबर भरून आली, म्हणून तिनं भिवाला पाठीशी बांधलं. पुन्हा खेपा. रायाजीच्या अंगातून घामाच्या धारा लागल्या. तो म्हणाला, "येसू, वरवंटा इथंच टाकू का?"

"लागला तर?"

त्यानं ते गाठोडं पुन्हा खांद्यावर घेतलं. सगळी आत आली. येसूनं गाठी चाचपल्या. अकरा. म्हातारीनं विचारलं, येसूनं "आलं" म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दाराशी पोचले तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. हे दार होतं फक्त बारा वीत. येसूनं घाईनं मंजीला पलीकडे पाठवलं. "जा, गाठोड्यांपाशी बस. हलू नको." आता दोन्ही हात हवे होते. भिवा पेंगत होता. जवळच उंबराचं झाड होतं. तिनं त्याला पाठीशी बांधलेल्या लुगड्याचीच झोळी केली, खालच्या फांदीला बांधली आणि भिवाला आत निजवलं. दोन खेपांचा तर प्रश्न आहे, असं तिला वाटलं.

पण खेपा दोन नव्हत्या. आणि दार मिटत चाललं होतं. दहा वीत. सात वीत. चार. रायाजी शेवटचं ओझं घेऊन पलीकडे गेला, त्याला वाटलं भिवा आईच्या पाठीशी आहे. येसू अकरावं गाठोडं छातीशी धरून आडवी होऊन कशीबशी निघाली. मागं दार मिटलं. उरली एक वीत.

येसूनं गाठी चाचपल्या. अकरा. गाठोडी मोजली. अकरा.

"सगळं आलं का?" म्हातारीनं विचारलं.

"आलं, आजी. सगळं आलं," येसू म्हणाली आणि मटकन खाली बसली.

तेवढ्यात मंजी म्हणाली, "आई, भिवा कुणाजवळ आहे?"

येसूनं पाठीला हात लावला. पाठ रिकामी. रायाजीकडे बघितलं. त्याचे हात रिकामे. तिनं फटीला डोळा लावला. आत उंबराची फांदी हलत होती आणि तिला झोळी लोंबत होती. भिवाचं रडणं बारीक बारीक ऐकू येत होतं.

रायाजीनं दाराला खांदा लावला. मंजीनंही लावला. दार तसूभर हललं नाही. सूर्य डोंगराच्या धारेपासून हातभर वर.

"आजी, दार उघडा," येसू म्हणाली. 

"दार माझं नाही," म्हातारी म्हणाली. "गाठोडं दारातून बाहेर आणलंस तेव्हा वीत मिटली. आता परत आत दे, वीत उघडेल. लेकरू गाठोड्यासारखं दाबता येत नाही, त्याला घेऊन निघायला चार विती हव्यात. पण सूर्य टेकला की मिटलं ते मिटलं."

येसूनं हाताला लागलं ते गाठोडं उचललं. फटीत मावेना. दुसरं उचललं. मावेना. कशात काय बांधलंय ते तिला आठवेना. गाठ सोडायला गेली, तर तिनंच मारलेली गाठ दातांनीही सुटेना. शेवटी मंजी म्हणाली, "आई, हे चपटं आहे." ते पापडांचं होतं. येसूनं ते आत सरकवलं. दार आणखी वीतभर उघडलं.

मग रायाजीनं जुनेरांचं गाठोडं पायानं दाबून दाबून आत घातलं. तीन विती झाल्या. सूर्य धारेला टेकायला आला. येसूनं शेजारचं गाठोडं उचललं.

"अगं, त्यात भिवाचं नवं अंगडं आहे, वाळे आहेत, देवीचा नारळ..." रायाजी म्हणेपर्यंत ते आत गेलंही होतं. चार विती. येसू आत घुसली.

तिनं आत पाऊल टाकलं. पापडांचे गोल चपटे दगड झाले होते. जुनेरांवर शेवाळ चढलं होतं. आत राहिलेलं डोंगर आपलं करून घेत होता, बरं का. आणि भिवाचं रडणं थांबलं होतं.

येसू उंबराकडे धावली. झोळीला साल धरली होती, झाडाची असते ना, तशी खरबरीत. तिनं दोन्ही हातांनी साल ओरबाडली. नखं मोडली. आत भिवा डोळे उघडे ठेवून पडला होता, हूं की चूं नाही. तिनं त्याला उचललं. पाऊल हाताला लागलं, ते दगडासारखं गार. तिनं ते पाऊल चोळीत पोटाशी धरलं आणि पळत सुटली.

"येसू, निघ गं," रायाजी बाहेरून ओरडत होता. सूर्याची नुसती कड उरली होती. येसू फटीत आडवी शिरली. दगड पाठीला घासत होता, पोटाशी भिवा. रायाजीनं तिचा दंड धरला, मंजीनं लुगडं धरलं, आणि दोघांनी ओढलं.

मागं दार मिटलं. आवाजसुद्धा झाला नाही.

येसू पाऊल चोळत राहिली. चोळत राहिली. रायाजीनं वर फुंकर घातली. मंजीनं आपले दोन्ही तळहात लावले. मग हळूच अंगठा हलला. मग भिवानं असं भोकाड पसरलं, की देवळातली माणसं बाहेर आली.

येसू पहिल्यांदा रडली ती तेव्हा. वळून बघते तो म्हातारी कुठंच नव्हती.

राहिलेली आठ गाठोडी तिनं देवळाच्या पायरीवर सोडून दिली. ज्याला जे हवं ते त्यानं नेलं. जावळ काढायला पुजाऱ्यानं कात्री दिली, एका बाईनं नारळ दिला, आणि भिवानं मंजीचं झबलं घातलं. ते त्याच्या टाचेपर्यंत आलं.

डोंगर मिटलेला, म्हणून परतीची वाट नदीकाठची, आठ दिवसांची. येसूनं उरल्यासुरल्यातून प्रत्येकाला एकेक लहान बोचकं करून दिलं. ज्याचं त्याच्या खांद्याला, आणि आत काय आहे ते ज्याचं त्याला तोंडपाठ. भिवा आईच्या पाठीवर. वाटेत एकदा मीठ संपलं, एकदा पावसानं भिजले. पण घरी चौघं पोचले, आणि पुढं खूप वर्षं हसतखेळत राहिले.

आता तुम्हीही डोळे मिटा. उद्या पहाटे आपल्यालाही गावाला निघायचंय. आणि तुम्ही भरलेली ती खेळण्यांची दुसरी पिशवी मी परत फळीवर ठेवलीये. सकाळी शोधत बसू नका. झोपा.