बाहीला बाही

एका गावात लिंबाजी नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे सांगितलं तेवढंच करणारा. कमी नाही, जास्त नाही. सगळा घोळ तिथेच व्हायचा.

त्याला लहानपणापासून सांभाळलं त्याच्या अनसूया आत्याने. सुया आणि लोकरीचा गुंडा घेऊन आत्या ओट्यावर बसली की तिला जेवणाची शुद्ध नसायची. डोंगरावर एक आश्रमशाळा होती. तिथली पोरं सकाळच्या प्रार्थनेला थंडीने कुडकुडत उभी राहतात, हे तिच्या कानावर आलं आणि तिने ध्यास घेतला. थंडीचा कडाका पडायच्या आत एकेका पोराच्या अंगावर स्वेटर चढला पाहिजे. स्वेटर विणून होत आले. पण आत्याचे गुडघे काही डोंगर चढेनात. न्यायला घरात एकटा लिंबाजी.

"याच्या हाती वर्षभराचं काम द्यायचं म्हणजे देवाचंच नाव घ्यायचं," आत्या म्हणाली. मग आधी लहानसहान दान देऊन त्याचा हात बसवायचं तिने ठरवलं.

तिने त्याला एक कानटोपी दिली. "जो थडथड उडत असेल, त्याच्या डोक्यावर घाल."

लिंबाजी गावभर हिंडला. ऊन लख्ख पडलेलं. कोणीच उडेना. शेवटी तो पिठाच्या गिरणीत डोकावला. गिरणी चालू होती आणि जागच्या जागी थडथड उडत होती.

"बिचारी," लिंबाजी म्हणाला, आणि दाणे ओतायच्या तोंडावर त्याने कानटोपी ओढून बसवली.

गिरणीवाल्याने टोपी पिठासकट घरी आणून दिली. आत्याने कपाळाला हात लावला. "अरे मेल्या, देण्याआधी विचारावं. हवं का म्हणावं. हो म्हणेल त्यालाच द्यावं."

"बरं आत्या. आता कळलं."

लिंबाजीला काही कळलं की गावाला धडकी भरायची.

दुसऱ्या खेपेला मफलर होता. लिंबाजी दारोदार विचारत सुटला, "मफलर हवा का?" लोकांना गिरणीची गोष्ट ठाऊक झालेली. जो तो नको म्हणाला. तेवढ्यात गुबुगुबु ढोलकं वाजवत नंदीबैलवाला आला.

लिंबाजीने बैलालाच विचारलं, "मफलर हवा का?"

बैलाने मान हलवली.

"नक्की ना?"

बैलाने पुन्हा मान हलवली. एवढं मनापासून हो म्हणणारं गावात दुसरं कोणी भेटलंच नव्हतं. लिंबाजीने मफलर त्याच्या शिंगांना गुंडाळला, आणि नंदीबैलवाला घरोघर सांगत सुटला, "आत्याबाईंचं दान, आत्याबाईंचं दान!" आत्याला चार दिवस पाणवठ्यावर तोंड दाखवायची चोरी झाली.

"अरे, दान माणसाला द्यावं," ती म्हणाली, "आणि गुपचूप द्यावं. या हाताचं त्या हाताला कळता कामा नये."

"बरं आत्या. आता कळलं."

पुढच्या खेपेला हातमोज्यांची जोडी होती. लिंबाजीने उजवा मोजा राखणदार हैबतीला दिला. डावा दिला पलीकडच्या आळीतल्या सिदू गवळ्याला. कोणालाही काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघंही एकेक हात काखेत दाबून आत्याच्या दारात उभे.

आत्या आता रडकुंडीला आली. "लिंबाजी, जोडीची वस्तू जोडीनेच राहू द्यावी रे. जोडी कधी तोडू नये."

"बरं आत्या. आता कळलं."

आणि थंडी पडली. डोंगरावर गवत पांढरं झालं. आता थांबायला वेळ नव्हता. आत्याने स्वेटरांचं गाठोडं बांधलं. एखादं बटण सैल निघालं तर असावी म्हणून वर सुई ठेवली, दोरा ठेवला. "जा बाबा," ती म्हणाली. "पोरांच्या अंगात घाल आणि ये."

लिंबाजी डोंगर चढला. पोरं अंगणात गोल करून बसली होती. त्याने गोलाच्या मधे उभं राहून एकेकाला स्वेटर घातला. अगदी नीट. बटणं लावली. पोरं हरखून गेली. इथे परतला असता तर ही गोष्ट सांगायला मी बसलोच नसतो.

पण लिंबाजीने एकदा मागे वळून पाहिलं. प्रत्येक स्वेटरला दोन बाह्या. एक या टोकाला, एक त्या टोकाला. जोडी तुटलेली.

त्याने सुई काढली. या पोराची उजवी बाही शेजारच्याच्या डाव्या बाहीला शिवली. त्याची उजवी त्याच्या पलीकडच्याच्या डावीला. पोरांना वाटलं खेळच आहे. शेवटी पहिल्याची एक बाही आणि शेवटच्याची एक बाही उरली. त्या तरी एकट्या का राहाव्यात? तीही जोडी झाली.

गुरुजी बाहेर आले तेव्हा सगळी शाळा एका गोलात शिवलेली होती आणि मधे लिंबाजी घाम पुसत उभा होता.

"लिंबाजी, बाहेर ये."

"कसा येऊ गुरुजी? जोडी तुटेल."

गुरुजींनी कात्री आणली. लिंबाजी आडवा आला. "कात्री नको. आत्या म्हणते, एक टाका कापला की सगळी वीण उसवते." जन्मात पहिल्यांदा तो बरोबर बोलला होता. गुरुजींनी कात्री ठेवली आणि फटफटीवरून आत्याला आणायला गेले.

आत्या आली. पोरं गोलात उड्या मारत होती. एकही कुडकुडत नव्हतं. शिवलेल्या बाह्यांत प्रत्येकाच्या हातात शेजारच्याचा हात होता. आत्याचे डोळे भरून आले. मग तिने लिंबाजीकडे पाहिलं आणि ते लगेच कोरडे झाले.

ती सुई घेऊन उसवायला बसणार, तोच लिंबाजी म्हणाला, "आत्या, आधी विचार. हो म्हणतील तरच."

आत्याचंच शिकवणं. नाही कसं म्हणणार? तिने पोरांना विचारलं, "सोडू का रे तुम्हाला?"

पण ती पोरं होती, नंदीबैल नव्हती. सगळ्यांनी एकदम नाही म्हणून मान हलवली.

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. गुरुजींनी भाकरीची टोपली उचलली, गोलाच्या वरून आत दिली आणि म्हणाले, "लिंबाजी, हात फक्त तुझेच मोकळे आहेत. भरव."